हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे आयुष्य

(जिल्हा परिषदेच्या सभागृहात शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला विचारले, "डॉक्टर, हा विषय तुमच्या परिषदेत शोभेल, आमच्या सरपंचांना आणि गुरुजींना त्याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होणे, त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागणे आणि त्यातून रुग्ण वाचणे ही सारी शहरातील मोठ्या रुग्णालयात घडणारी गोष्ट आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे, की या रोगातून माणूस वाचतो की नाही, याचा निकाल शस्त्रक्रियागृहात केवळ अर्धाच लागतो. उरलेला अर्धा निकाल शस्त्रक्रियेपूर्वी आणि तिच्यानंतर, रुग्णाच्या गावात लागत असतो. म्हणूनच हा विषय मी आपल्यापुढे मांडत आहे.

एका विद्यार्थ्याची नोंद

आरंभी एका तरुणाची हकीकत सांगतो. आल्फ्रेड राइनहार्ट हा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी होता. लहानपणी झालेल्या संधिवाती ज्वरामुळे त्याच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती. १९३१ साली एके दिवशी त्याला आपल्या हातावर बारीक लाल ठिपके दिसले. झडप अधू, अंगात कसर आणि त्यात हे ठिपके. एवढ्यावरून त्याने स्वतःच्या रोगाचे अचूक निदान केले आणि आपण आता थोड्याच महिन्यांचे सोबती आहोत, हेही ओळखले. पुढे तो आपल्या लक्षणांची टिपणे ठेवीत राहिला. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. ती टिपणे १९४२ मध्ये डॉ. सोमा वाइस यांनी प्रसिद्ध केली.

या हकीकतीतील एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. राइनहार्टजवळ निदान होते, उपाय नव्हता. आज आपल्याजवळ उपाय आहे, पण निदान वेळेवर होत नाही.

रोगाचे स्वरूप

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ देणे आणि मागे न येऊ देणे हे त्यांचे काम. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि तितक्या वेळा या झडपा उघडतात व मिटतात. निरोगी झडप गुळगुळीत असल्याने तिच्यावर जंतूंना सहसा ठाव मिळत नाही. परंतु संधिवाती ज्वराने खरखरीत झालेली झडप, जन्मतः सदोष असलेली झडप किंवा शस्त्रक्रियेने बसविलेली कृत्रिम झडप यांच्यावर मात्र रक्तातून वाहत आलेले जंतू चिकटून राहू शकतात. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, त्वचेवरील जखमा, शिरेत दीर्घकाळ ठेवलेल्या नळ्या या वाटांनी जंतू रक्तात येतात. झडपेवर जंतू, प्लेटलेट आणि रक्तातील तंतू यांचे पुंजके तयार होतात. या रोगाला वैद्यकात इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस असे म्हणतात.

हे पुंजके दोन प्रकारे घात करतात. एक तर ते झडप कुरतडतात. मग रक्त मागे गळू लागते आणि हृदय थकते. दुसरे म्हणजे पुंजक्याचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत जातो आणि मेंदू, मूत्रपिंड, प्लीहा किंवा हातापायाच्या रोहिणीत अडकतो. मेंदूत अडकला तर क्षणार्धात पक्षाघात होतो.

धनिक देशांत हा रोग आता मुख्यतः वृद्धांना, तसेच कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा डायलिसिस यांचा आधार घेतलेल्यांना होतो. आपल्याकडे संधिवाती ज्वराने झडप बिघडलेले तरुण रुग्ण अजूनही मोठ्या प्रमाणात आढळतात. घर चालविण्याच्या, मुले वाढविण्याच्या वयातील ही माणसे असतात, हे आपण ध्यानात घ्यावे.

उपाय कसा हाती आला

पेनिसिलिन येण्यापूर्वी या रोगातून वाचणे हा अपवाद होता. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिनने प्रथमच हे रुग्ण बरे होऊ लागले. भारतात या औषधाच्या निर्मितीचा मान आपल्या पिंपरीला आहे. तेथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. परंतु औषधाने जंतू मेले तरी फाटलेली झडप शिवली जात नाही. जंतूंपासून वाचलेले अनेक रुग्ण पुढे हृदय थकल्यामुळे दगावत.

१९६० साली अमेरिकेत कृत्रिम झडपा बसविण्यात यश आले. तरीही संसर्ग चालू असताना परकी वस्तू हृदयात बसवावी कशी, हा पेच होता. नव्या झडपेवरही तेच जंतू बसतील, ही भीती होती. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठातील अँड्र्यू वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, संसर्ग पूर्ण आटोक्यात आलेला नसतानाच रोगग्रस्त झडप काढून कृत्रिम झडप बसविल्याचे आणि रुग्ण वाचल्याचे प्रसिद्ध केले. सडलेला भाग आत ठेवून वाट पाहण्यापेक्षा तो काढून टाकणे श्रेयस्कर, हा विचार तेथून रुजला. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनविलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. त्यामुळे परदेशी झडपेच्या किमतीपुढे हतबल होणाऱ्या कुटुंबांना आधार मिळाला.

शस्त्रक्रिया केव्हा?

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. सुमारे निम्म्या रुग्णांना ती लागते. तिची मुख्य कारणे तीन : झडप गळून हृदय थकणे, योग्य औषध देऊनही संसर्ग आटोक्यात न येणे किंवा झडपेच्या मुळाशी गळू होणे, आणि मोठा पुंजका सुटून पक्षाघात होण्याची भीती असणे. शक्य असेल तेथे मूळ झडप दुरुस्त करतात. नसेल तेथे बदलतात. शस्त्रक्रिया झाली तरी शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविके एकंदर चार ते सहा आठवडे चालू ठेवावी लागतात.

घाई करावी की थांबावे, याचा एक चांगला अभ्यास दक्षिण कोरियातील सेऊल येथे झाला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झडप गंभीररीत्या बिघडलेल्या आणि तिच्यावर मोठा पुंजका असलेल्या ७६ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत केली, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने उपचार दिले. रुग्णालयातील मृत्यू किंवा सहा आठवड्यांत तुकडा सुटून होणारा अपघात, या दोहोंपैकी काही ना काही पहिल्या गटात ३ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्या गटात २३ टक्के रुग्णांना भोगावे लागले. अभ्यास लहान होता आणि निवडक रुग्णांचा होता, हे खरे. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर उलट काही आठवडे थांबणेच बहुधा हिताचे असते. तथापि निर्णयाची संधी हातात हवी असेल, तर रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे, हा धडा सर्वांना लागू आहे.

एका शिक्षकाचा ताप

आता आपल्यातीलच एकाची गोष्ट. चौतीस वर्षांचे एक प्राथमिक शिक्षक. दाढ काढल्यानंतर काही दिवसांनी त्यांना रोज सायंकाळी ताप येऊ लागला. गावातल्या डॉक्टरांनी दोन इंजेक्शने व पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला. आठवड्याने पुन्हा आला. तालुक्याला टायफॉइड म्हणून औषध झाले, पुन्हा उतरला, पुन्हा आला. वजन सहा किलोंनी घटले. सहाव्या आठवड्यात फळ्यावर गणित लिहीत असताना त्यांच्या हातातून खडू गळून पडला आणि तो उचलण्यासाठी हात वळेना.

आमच्याकडे आले तेव्हा झडप जवळजवळ निकामी झाली होती. रक्ताचे कल्चर केले, त्यात जंतू सापडला नाही. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांनी तो मारला नव्हता, फक्त लपविला होता. त्यामुळे नेमके औषध निवडणे अशक्य झाले आणि अंदाजाने उपचार करावे लागले. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले, हातही बऱ्याच अंशी सुधारला. परंतु पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात, औषध देण्यापूर्वी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन वेळा रक्त घेऊन कल्चर केले असते आणि छातीला नळी लावून हृदयाचा आवाज ऐकला असता, तर कदाचित त्यांची मूळ झडपही वाचली असती.

वाचण्याचे प्रमाण

आता आकड्यांकडे वळू. जगभरच्या अनुभवावरून, या रोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० रुग्ण रुग्णालयातच दगावतात. उपचार पूर्ण करून जे घरी जातात, त्यांपैकी एक वर्षानंतर ८० ते ९० टक्के आणि पाच वर्षांनंतर ६० ते ७० टक्के हयात असतात, असे युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये नमूद केले. यांत शस्त्रक्रिया झालेले व न झालेले दोन्ही प्रकारचे रुग्ण आहेत, आणि तेथील रुग्ण वयाने मोठे असतात. म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्या एखाद्या रुग्णाला लावू नयेत.

शस्त्रक्रियेचे यश कशावर ठरते? रुग्ण टेबलावर येताना त्याचे हृदय व मूत्रपिंड कोणत्या अवस्थेत आहेत, मेंदूला इजा झाली आहे काय, जंतू कोणता आहे, झडपेच्या मुळाशी गळू झाले आहे काय, आणि संसर्ग मूळ झडपेला आहे की आधीच बसविलेल्या कृत्रिम झडपेला, यावर. यांपैकी बऱ्याच गोष्टी शल्यविशारदाने हाती सुरी घेण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात.

त्यानंतरचा पाच वर्षांतील उतार मात्र वेगळ्या कारणांचा आहे. त्याबद्दल एक प्रसंग सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण त्यात आमचाही दोष आहे.

सोळा वर्षांच्या एका मुलीची शस्त्रक्रिया उत्तम झाली. धातूची झडप बसविली. आईवडील ऊसतोडणीला जाणारे. दिवाळीनंतर सारे कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात कारखान्याच्या तळावर गेले. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा आय. एन. आर. नावाच्या रक्ततपासणीने ठरवावी लागते. तळावर ना तपासणी, ना गोळी. आठ महिन्यांनी मुलीला आणले तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. झडप गुठळीने अडली होती. ती वाचली नाही. तिच्या वडिलांनी मला सांगितले, "पोरगी हसाय-खेळाय लागली होती, साहेब. मग आता गोळी कशापायी, असं वाटलं." मी तिचे कार्ड काढून पाहिले. गोळीचे महत्त्व आम्ही त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, पण इंग्रजीत. त्या दिवसापासून मी रुग्णाला मराठीत लिहिलेल्या कागदाशिवाय घरी पाठवीत नाही.

घरी आल्यावरचे नियम

हे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही.

पहिला नियम गोळीचा. धातूची झडप असलेल्याने वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद करू नये आणि आय. एन. आर. तपासणी चुकवू नये. पालेभाजी वर्ज्य नाही. मात्र एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा मुळीच नाही, असे करू नये. वेदनाशामक गोळ्या व झाडपाल्याची औषधे मनाने घेऊ नयेत. हिरड्यांतून रक्त येणे, शौचास काळे होणे, डोक्याला मार लागणे, अथवा झडपेची नेहमीची टिकटिक मंद होऊन धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा जन्मभर लागत नाही, पण ती झडप साधारण १० ते १५ वर्षांनी झिजते, आणि तरुणांत लवकर झिजते. विवाहित तरुणींनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण वॉरफरिनसारखी औषधे गर्भाला अपाय करू शकतात.

दुसरा नियम तापाचा. एकदा हा रोग झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून अशा व्यक्तीला ताप आला, की प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्ताचे कल्चर झाले पाहिजे.

तिसरा नियम दातांचा. दिवसातून दोनदा दात घासावे, वर्षातून एकदोनदा दंतवैद्यांना दाखवावे. मिश्री लावल्याने दात साफ होतात ही समजूत सोडून द्यावी. दाढ काढणे किंवा हिरडीवर उपचार करणे असेल तर त्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते. म्हणून आपल्या झडपेची गोष्ट दंतवैद्यांना आधी सांगावी.

चौथा नियम पेनिसिलिनचा. संधिवाती ज्वरामुळे झडप बिघडलेल्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जाते. शस्त्रक्रिया झाली म्हणून ते आपोआप बंद होत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना इंजेक्शन द्यावे की तोंडाने औषध द्यावे, हे डॉक्टर ठरवतील.

आपण काय करू शकता

शिक्षकांना माझी विनंती अशी की, वारंवार घसा दुखणारे आणि त्यापाठोपाठ सांधे सुजणारे मूल दिसले, किंवा खेळताना इतरांआधी धाप लागणारे मूल दिसले, तर त्याचे नाव लिहून ठेवावे आणि शाळा तपासणीला येणाऱ्या वैद्यकीय पथकापुढे त्याला आवर्जून उभे करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथून झाला. तो ज्या मुलांसाठी आहे, ती मुले तपासणीच्या दिवशी शाळेत हजर असणे, हे मात्र आपल्या हाती आहे.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावात झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती किती आहेत, हे आशा कार्यकर्तीकडून समजून घ्यावे. बहुधा एक किंवा दोनच असतील. त्यांना गोळी मिळते काय, आय. एन. आर. तपासणी जवळ कोठे होते, कुटुंब हंगामात बाहेरगावी जाणार असेल तर तेथील सोय काय, एवढी चौकशी वर्षातून चार वेळा केली तरी पुष्कळ काम होईल.

अधिकारी मंडळींना एवढेच सांगतो, की आपल्या राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचे वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. शस्त्रक्रियेच्या खर्चापायी जमीन विकावी लागू नये, ही तिची भूमिका. परंतु योजनेत बसणारी शस्त्रक्रिया एकदा होते आणि गोळी रोज लागते. त्या रोजच्या गोळीचा व तपासणीचा बंदोबस्त तालुक्याच्या पातळीवर झाला, तरच शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सार्थकी लागेल. रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांची माहिती देतात. गावातून निघतानाच शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर घेण्यास सांगावे, म्हणजे मोलाचा दिवस वाया जात नाही.

मित्रहो, ज्या शिक्षकांची हकीकत मी सांगितली, ते आज शाळेत शिकवीत आहेत. मध्यंतरी त्यांना पुन्हा ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी गोळी पुढे केली, तेव्हा त्यांनी खिशातला मराठी कागद काढून दाखविला आणि म्हणाले, "आधी रक्त, मग गोळी." रक्त तपासले गेले. या वेळी तो साधा हिवताप निघाला.

राइनहार्टला आपला रोग कळला होता आणि त्याला कोणीही वाचवू शकत नव्हते. आज वाचविणारे हात आहेत. त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेवर पोहोचावा, आणि तेथून परत आल्यावर तो गावात टिकावा, एवढ्यासाठी मी आपली मदत मागत आहे.